बांध पावसानं फुटला, असं लिहून देऊ नकोस

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून मुद्द्यापुरतं इथे देते.

"ताई, आमचा गाव खाजनाकाठी, म्हणजे बांध घालून नदीपासून राखलेल्या शेतजमिनीकाठी आहे. जुलैच्या उधाणात बाहेरचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि लावलेलं भात गेलं. आम्ही काही मुलंमुली दोनेक वर्षं हवामान बदलावर काम करतो. झाडं लावली, नदीकाठचं प्लास्टिक वेचलं, शाळांत जाऊन बोललो. आता वाटतं, राज्याचं धोरणच बदललं पाहिजे. पण आमदार 'बघतो' म्हणतात. खातं म्हणतं, नैसर्गिक आपत्ती आहे. माझे काका स्वतः पंच आहेत, ते म्हणतात गावात भांडणं नकोत. भाऊ सरकारी नोकरीत आहे म्हणून आई घाबरते. गटातली मुलं गळायला लागलीत. कोण म्हणतं मोर्चा काढूया, कोण म्हणतं थेट हायकोर्टात जाऊया. आमच्यासारख्यांनी पर्वरीपर्यंत, म्हणजे विधानसभेपर्यंत, पोचायचं तरी कसं?"

प्रिय बाय,

उभं भात डोळ्यांदेखत गेलं की घरात काय होतं, ते खाजनाकाठच्या कुठल्याच गावाला सांगावं लागत नाही. त्यातही तुम्ही मंडळी गप्प बसला नाहीत, याचं मला फार कौतुक आहे. पण पत्रासोबत तुमच्या निवेदनाची प्रत पाठवलीस, तिच्यातलं पहिलंच वाक्य मला पटलं नाही. 'हवामान बदलामुळे आमचा बांध फुटला' असं तुम्ही लिहिलंय. खातंही तेच म्हणतंय! त्यांनी निसर्गावर ढकललं, तुम्ही हवामानावर ढकललं. जबाबदार कोणीच नाही, यावर दोघांचं एकमत झालं.

हवामान बदलतंय यात वाद नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं केलेली पडझड आणि त्याच जुलैत सत्तरी-डिचोलीत घरांत शिरलेलं पुराचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर पेटले. समुद्राची पातळी वाढतेय आणि पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळतोय. हे सगळं तुमच्या निवेदनात यायलाच हवं. पण खाजन म्हणजे मुळातच भरतीच्या पातळीखालची, नदीकडून मागून घेतलेली जमीन. उधाण तिला नवीन नाही. मातीचा बांध शतकानुशतकं टिकला, कारण दर उन्हाळ्यात कोणीतरी त्याच्यावरून चालत जाऊन कुर्ल्यांनी पाडलेली भोकं बुजवत होतं, खचलेल्या जागी चिखल चढवत होतं. आधी हे काम गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदाद, बघत असे. १९६४ चा कुळ कायदा आला, १९७५ च्या नियमांनी बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. आज किती गावांत ही संघटना मानशीच्या पावणीपलीकडे (म्हणजे बांधातल्या दारापाशी मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावापलीकडे) कशासाठी जमते, ते तुझ्या गावात तूच विचारून बघ.

मानशीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुझ्या गटातल्या शहरात शिकलेल्या मुलांना ती नुसती बांधातली फट वाटत असेल. मानशीचं लाकडी दार अगदी साधं असतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तसं ते मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी रेटतं तसं उघडतं. त्या तोंडाशी जाळं लावून मासे धरण्याचा हक्क पावणीत जातो. पावणी घेणाऱ्याला भरतीचं पाणी आत घ्यायचा मोह होतो, कारण पाण्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला नेमकं तेच पाणी नको असतं. दार उघडं ठेवून, कधी फळ्याच काढून खारं पाणी आत घेतल्याच्या तक्रारी गोव्यातल्या कितीतरी खाजनांत जुन्या आहेत. काही ठिकाणी खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध पोखरले. कुठे शेती पडीक राहिली आणि बांधाकडे बघणारंच कोणी उरलं नाही.

म्हणून तुमच्या बांधाचं काय झालं, ते आधी शोधून काढा. शेवटची दुरुस्ती कधी झाली? फुटण्याआधी कोणी खात्याला लेखी कळवलं होतं का? यंदाची पावणी कोणाकडे होती आणि दार शाबूत होतं का? मृद संधारण विभागानं जागा पाहिली का? माहिती अधिकारात विचारलंत तर ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. शोधाअंती पाऊस आणि उधाण हेच खरं कारण निघेलही. निघू दे. पण विचारल्यावर निघू दे, गृहीत धरून नको.

आता 'न्याय' म्हणजे काय ते तुमच्याच गावात बघू. ज्याचं नाव जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आहे, ज्याच्याकडे कृषी कार्ड आहे, त्याला शेतकरी आधार निधीतून थोडी का होईना मदत मिळू शकते. पण लावणीला रोजानं येणाऱ्या बायांचं काय? कागद न करता अर्धेलीनं शेत कसणाऱ्याचं काय? त्यांचाही हंगाम बुडाला आणि त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. बंदरावरून कोळसा त्यांनी नेला नाही, डोंगर त्यांनी कापला नाही, नुकसान मात्र सगळ्यांत जास्त त्यांचं. हवामान न्यायाची मागणी यांच्यापासून सुरू झाली नाही तर ती पणजीच्या हॉटेलातल्या परिसंवादापुरती राहील. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा समतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो आधार घ्या, पण तो उभा राहायचा तर खाली माणसं हवीत.

यासाठी एक वही करा. फोनवरचा ग्रुप नको, वही. एका पानावर एक शेत. तारीख, तिथी (पुनव-अमावास्येच्या आसपासची भरती मोठी, म्हणून तिथी लागते), पाणी कुठल्या मेरेपर्यंत आलं, किती दिवस थांबलं, पीक कोणतं, कोरगुट होतं की बाहेरचं बियाणं, शेत कोणाच्या नावावर आणि कसतं कोण, लावणीला कोण कोण होतं, किती रोज बुडाले. खाली सही किंवा अंगठा. दर वेळी एकाच खांबाशी उभं राहून फोटो काढा, म्हणजे पाण्याची उंची ताडता येईल. हे काम कंटाळवाणं आहे, आणि तुमच्या गटातली मुलं गळताहेत त्याचं अर्धं उत्तर यात आहे. झाडं लावून आणि किनारे साफ करून समाधान मिळतं, मी ते हलकं लेखत नाही, पण त्यातून सरकारला उत्तर द्यावं लागेल असा एकही कागद तयार होत नाही. एकेका मुलाला चार-पाच घरं वाटून द्या. ज्याच्या हाती नेमकं काम असतं तो सहसा गळत नाही. आणि कोरगुटचं पान असेल तिथे जास्त वेळ थांबा. खाऱ्याला तोंड देणारं हे आपलं जुनं भात कोणाच्या शेतात किती तगलं, याची तुमची नोंद कृषी खात्यालाही उपयोगी पडेल.

आता मागणीकडे येते. गोव्यातली चळवळ 'नको' म्हणण्यात तरबेज आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. तुझ्याच तालुक्यात केरीच्या पठारावरचा नायलॉनचा कारखाना १९९५ साली लोकांनी परतवला, त्यासाठी एका तरुणानं पोलिसांच्या गोळीबारात जीव गमावला. २००६ च्या अखेरीस गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि काही आठवड्यांत, कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. शेळ-मेळावलीच्या लोकांनी २०२१ मध्ये आयआयटीच्या प्रकल्पापासून आपल्या जमिनी राखल्या. पण आराखडा रद्द झाला तरी जमिनीची रूपांतरं थांबली नाहीत. नगर नियोजन कायद्यात पुढे रूपांतराला वाट देणारी १६ ब, १७(२), ३९ अ अशी कलमं येत गेली आणि लोकांना एकेका कलमाविरुद्ध नव्यानं उभं राहावं लागलं. थांबवलेली गोष्ट दुसऱ्या दारानं येते. म्हणून धोरण हवं असेल तर 'हे करा' असं सांगता आलं पाहिजे, आणि ते जास्त अवघड आहे. आपल्याकडे त्याचंही उदाहरण आहे. रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, सत्तरच्या दशकात ट्रॉलर्सविरुद्ध लढा दिला तेव्हा नुसता विरोध नव्हता, किनाऱ्यालगतचं पाणी आमच्यासाठी राखा अशी ठाम मागणी होती. १९८० साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा त्यांच्यासाठी राखला गेला. अंमलबजावणीसाठी आजही भांडावं लागतं, हे खरं. पण भांडायला पायाखाली कायदा आहे.

तुमच्या निवेदनात चौदा मागण्या आहेत. त्यात सौरऊर्जा आहे, प्लास्टिकबंदी आहे, रेल्वे दुपदरीकरण आहे, जागतिक कार्बन कर आहे. मंत्री त्यातली सगळ्यांत सोपी उचलतील, कापडी पिशव्या वाटतील आणि फोटो काढतील. एकच मागणी ठेवा, आणि ती राज्याच्या हातातली ठेवा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, किनारी नियमन अधिसूचना, या सगळ्यांत दिल्लीकडे बोट दाखवायला जागा असते. शेती, जमीन आणि पाणी हे राज्याचे विषय आहेत. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

"खाजनाचा बांध फुटल्यास ३० दिवसांत तात्पुरती आणि पुढच्या मे अखेरीपर्यंत पक्की दुरुस्ती करण्याची जबाबदारी सरकारनं एकाच खात्यावर निश्चित करावी. त्यासाठी हरित उपकराच्या उत्पन्नातून दरवर्षी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करावी. नुकसानभरपाई उताऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्यांना आणि शेतमजुरांनाही, ग्रामसभेनं मान्य केलेल्या यादीवरून द्यावी."

खातं 'एकच' का, ते तुला कळलंच असेल. कृषी खातं जलस्रोत खात्याकडे पाठवतं, तिथून मामलेदाराकडे, तिथून परत कुळ संघटनेकडे, तोवर पुढचा पाऊस येतो.

हरित उपकराकडे मी मुद्दाम बोट दाखवतेय. गोव्यानं २०१३ साली हा कायदा केला. हाताळताना, वापरताना किंवा वाहून नेताना प्रदूषण करणाऱ्या मालावर उपकर बसवायचा आणि त्यातून राज्यावर पडणारा कार्बनचा भार हलका करण्याची कामं करायची, असा त्याचा हेतू. प्रदूषण करणाऱ्यानं भरावं आणि सोसणाऱ्याला मिळावं, यापेक्षा सरळ न्याय कोणता? तर दरवर्षी किती गोळा झाला आणि कशावर खर्च झाला, हा माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज. तुम्हाला उत्तर येईल की बांध दुरुस्त केल्यानं कार्बन कमी होत नाही, म्हणून हा पैसा तिकडे वळवता येत नाही. तिथे अडकू नका. तो कायदा गोव्याच्याच विधानसभेनं केलाय, दुरुस्तीही तिथेच होते. मग तुमची मागणी नुसती पैशाची राहत नाही, कायद्यात एक ओळ घालण्याची होते. राज्यानं २०२० ते २०३० या दशकासाठी हवामान बदल कृती आराखडा केला आहे, तोही काढून वाचा आणि किनारपट्टी आणि शेतीबद्दल सरकारनं स्वतःच काय कबूल केलंय ते निवेदनाला जोडा.

वाट अशी. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या, ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा आला की नाही ते बघा आणि प्रमाणित प्रत काढा. तोंडी 'मंजूर, मंजूर' झालेले ठराव इतिवृत्तात हरवतात. पण एका गावाचा ठराव ही तक्रार असते. माशेलपासून दुर्भाट, मडकई, बोरीपर्यंत खाजनं आहेत, आणि पाण्यापलीकडे तिसवाडी आणि साष्टीतही आहेत. तिथे जा. देवळाच्या समितीला भेटाल तसंच पलीकडच्या फादरनाही भेटा, देवनागरीत लिहाल तसंच रोमी लिपीतही लिहा. मोलेचं जंगल वाचवण्यासाठी २०२० मध्ये जे आंदोलन झालं, त्यात विद्यार्थी, चित्रकार, शास्त्रज्ञ, चांदोरला रात्रभर रुळांवर बसलेले गावकरी असे सगळे एकत्र आले, म्हणून ते पर्वरीला आणि दिल्लीलाही ऐकावं लागलं. खारं पाणी कुठल्याही तीराला लागलं तरी जात-धर्म विचारत नाही. पाच-सहा ग्रामसभांचा एकाच शब्दांतला ठराव हाती आला की तुमची मागणी गावाची राहत नाही, खाजन पट्ट्याची होते.

मग आमदार. 'बघतो' हे उत्तर तोंडी प्रश्नाला मिळतं. तुम्ही त्यांना तारांकित प्रश्न लिहूनच द्या: गेल्या पाच वर्षांत किती बांध फुटले, तालुकावार दुरुस्तीला किती दिवस लागले, हरित उपकर किती जमला आणि कुठे गेला. विधानसभेच्या पटलावर आलेलं उत्तर पुढे कायम वापरता येतं. तेच प्रश्न विरोधी बाकांवरच्या आमदारालाही द्या, आणि दोघांना ते सांगा, लपवू नका. शुक्रवारी खासगी ठराव येतात, त्यासाठीही मसुदा तयार ठेवा. हे सगळं अर्थसंकल्पाच्या आधी व्हायला हवं. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर केलेली मागणी वर्षभर मागे पडते.

आपण मूठभर आहोत म्हणून आमदार ऐकणार नाहीत, असं वाटून घेऊ नकोस. गोव्यात ४० मतदारसंघ आहेत आणि ते लहान आहेत. २०२२ साली फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. तुमच्या वहीतली घरं मोजली तर त्याहून जास्त मतं निघतील, आणि हे आमदारांना तुमच्याआधी कळतं. मात्र कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली जाऊ नका. निवडणुकीच्या तोंडावर सगळ्या उमेदवारांना एकाच जागी बोलवा, गावासमोर मागणी वाचून दाखवा आणि होय की नाही ते लेखी मागा.

मोर्चा कधी? मागणी लोकांना तोंडपाठ झाल्यावर. त्याआधी काढलात तर पंचवीस माणसं येतील आणि सरकारला तुमची ताकद कळेल. हायकोर्ट कधी? सगळे अर्ज, ठराव, उत्तरं हाती आल्यावर, किंवा कोणी खाजनात भराव टाकायला लागलं तर लगेच, कारण तिथे थांबून चालत नाही. मोलेतल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, तीही लोकांनी आणि अभ्यासकांनी आधी जमवलेल्या कागदांच्या बळावर. रिकाम्या हातानं गेलात तर याचिका फेटाळली जाते आणि पुढची दहा वर्षं खातं तोच निकाल दाखवत राहतं.

राहिलं घरचं. काकांना ग्रामसभेत पहिल्यांदा ठराव ऐकायला लावू नकोस, तो त्यांना अपमान वाटेल आणि ते विरोधात उभे राहतील. आठवडाभर आधी वही घेऊन त्यांच्या घरी जा. पंच म्हणून त्यांना कोणते फोन येतात, पावणीचा विषय गावात का कोणी काढत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, ते नीट ऐकून घे. भांडणाची त्यांना वाटणारी भीती खोटी नाही. पावणी घेणारा कदाचित तुमच्याच वाड्यावरचा असेल. त्याच्यावर जाहीर आरोप करू नका. नियम मागा, माणूस नको. ठराव काकांनीच मांडला तर फारच छान. त्याचं श्रेय त्यांना घेऊ दे.

भावाला यातून पूर्ण बाहेर ठेव. सरकारी नोकराला आचारनियम असतात. त्याची सही नको, त्याचा फोन नंबर नको, बैठक त्याच्या खोलीत नको. आईला हे स्पष्ट सांगितलंस तर तिची निम्मी काळजी उतरेल. आणि तिला एकदा लावणीच्या बायांकडे वही भरायला सोबत ने. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, हे तुम्हा मुलांपेक्षा तिला आणि त्या बायांना जास्त आठवत असणार, आणि त्या तिच्यासमोर जितक्या मोकळ्या बोलतील तितक्या तुमच्यासमोर बोलणार नाहीत.

तुझी,
ताई